ऑगस्ट बिअर : कमरेखालच्या भुलेचे जनक

ऑगस्ट बिअर या जर्मन सर्जनचा जन्म १८६१ चा. १८९८ मध्ये कील शहरात त्यांनी पाठीच्या मणक्यात कोकेनचे इंजेक्शन दिले आणि कमरेखालचा भाग बधिर करून ऑपरेशन केले. त्याच महिन्यात त्यांनी आपले सहायक हिल्डेब्रांट यांना हीच भूल दिली. नडगीवर हातोडी मारली, पायाला पेटती सिगार लावली. हिल्डेब्रांटना दुखले नाही. भूल उतरल्यावर मात्र पाय ठणकू लागले. बिअर १९४९ मध्ये वारले.

ही सिगार आजही लक्षात ठेवा. या भुलेने पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीरातली ऊब त्वचेकडे जाऊन कमी होते आणि पेशंट थरथरतो. हे टाळण्यासाठी ऑपरेशनआधीपासून पांघरूण, कोमट केलेले सलाइन, गरम हवेचे ब्लँकेट आणि गरज पडल्यास औषध वापरतात.

आमच्या फर्दापूर भागात थंडीच्या दिवसांत काळजीपोटी पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवावीशी वाटते. ती ठेवू नका. बधिर पाय भाजला तरी पेशंटला कळत नाही. अंगावर कोरडे पांघरूण घाला आणि लगेच नर्सला बोलवा.