आर्स गावचे पाळक

आमचे पुष्कळ वाचक लहान गावांतून प्रभूची सेवा करणारे बंधू आहेत. त्यांस आर्सच्या पाळकाची हकीकत सांगावी, असे बरेच दिवस आमच्या मनात होते. हे गृहस्थ रोमन कॅथोलिक धर्मगुरू होते. धर्मगुरूच्या कानी पापे कबूल करावी, मृत संतांचा धावा करावा, ह्या गोष्टी आम्हांस शास्त्रात आढळत नाहीत; आणि त्यांच्या चरित्रात तर त्या पानोपानी आहेत. तरी शेजाऱ्याच्या शेतात पीक चांगले आले असता बांधावर उभे राहून ते पाहण्यास कोणाची मनाई नाही.

झाँ-मारी व्हियाने ह्यांचा जन्म फ्रान्स देशात लियों शहराजवळील दार्दिली गावी, ता. ८ मे १७८६ रोजी, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. घरची गुरेमेंढरे राखणे हेच त्यांचे बाळपण. ते लहान असतानाच फ्रान्समध्ये राज्यक्रांती होऊन देवळे बंद पडली, आणि जे धर्मगुरू नव्या सरकारची शपथ घेईनात त्यांस जिवाची भीती उत्पन्न झाली. असे धर्मगुरू वेष पालटून रात्री कोठारांतून उपासना चालवीत. १७९९ साली ह्या मुलास पहिल्याने प्रभुभोजन मिळाले, तेही चोरून, एकुली गावातील एका घरी. आतला उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांसमोर गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या.

विशीच्या सुमारास ते एकुलीचे पाळक बाले ह्यांजपाशी धर्मगुरूपणाचा अभ्यास करू लागले. शाळा पूर्वी थोडीच झालेली, आणि पुढे लॅटिन भाषा! आज पाठ केलेले उद्या आठवत नसे. एकदा वयाने बराच लहान असलेला एक सहाध्यायी त्यांच्या मंदपणास कंटाळला व त्याने त्यांस मारले. व्हियाने ह्यांनी गुडघे टेकून त्या पोराचीच क्षमा मागितली. तो मुलगा लोरास पुढे अमेरिकेत डुब्यूक येथील बिशप झाला. आम्हांस स्वतःस ग्रीक क्रियापदांनी वर्गात खाली मान घालावयास लाविले आहे. म्हणून हा भाग वाचताना आमचा कंठ दाटून येतो.

१८०९ साली नेपोलियनच्या सैन्यात भरती होण्याचा हुकूम आला. ते आजारी पडून इस्पितळात राहिले, आणि बरे होऊन निघाले तो पलटण पुढे गेलेली. मागोमाग जात असता वाटेत भेटलेल्या एका माणसाने त्यांस डोंगरात, पळून आलेल्या शिपायांत नेले. पुढे ले नोए नावाच्या खेड्यात खोटे नाव धारण करून, मुलांस शिकवीत व शेतीत हात लावीत, त्यांनी सुमारे चौदा महिने काढले. चरित्रकार येथे सारवासारव करितात. आम्हांस ती आवश्यक वाटत नाही. हा मनुष्य पळपुटा ठरला, शिपाई आले असता गवताखाली लपला, आणि १८१० साली सर्वांस माफी झाली तेव्हा धाकटा भाऊ त्याच्या जागी सैन्यात गेला म्हणून तो मोकळा झाला. देवाने ज्यास वापरिले तो हाच मनुष्य.

मोठ्या सेमिनरीत लॅटिन न आल्यामुळे त्यांस परत पाठविण्यात आले. बाले ह्यांनी मात्र हात सोडिला नाही; घरी ठेवून आपल्या फ्रेंच भाषेत त्यांस शिकविले व वरिष्ठांकडे रदबदली केली. अधिकाऱ्यांनी शेवटी इतकेच विचारिले की हा भक्तिमान आहे काय. आहे असे कळल्यावर उरलेले देवाच्या कृपेवर सोपविले. १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रेनोब्ल येथे त्यांची दीक्षा झाली. चमत्कारिक गोष्ट ही की, पापकबुली ऐकण्याची परवानगी त्यांस प्रथम दिलीच नव्हती.

बाले १८१७ साली वारले. पुढील फेब्रुवारीत व्हियाने ह्यांस आर्स येथे नेमिले. लियोंच्या उत्तरेस दहा-बारा कोसांवरचे हे खेडे. वस्ती सुमारे २३०, आणि तेवढ्यास दारूचे गुत्ते चार. धुक्यात वाट चुकली तेव्हा एका गुराख्या मुलाने त्यांस रस्ता दाखविला; त्या भेटीचे स्मारक तेथे आजही आहे.

उपासनेस थोडेच लोक येत. रविवारी शेते चालत, रात्री नाच चाले. नव्या पाळकाने प्रथम काय केले? घरातले चांगले सामान परत धाडून दिले आणि पहाटेपासून रिकाम्या देवळात प्रार्थनेस बसू लागले. बटाटे एकदाच उकडून ठेवावे व तेच कित्येक दिवस खावे, असा त्यांचा आहार. उपदेश लिहून पाठ करण्यात रात्रीच्या रात्री जात. तरी कधी मध्येच विसर पडे आणि ते तसेच खाली उतरत. मात्र ते घरोघर जात, शेतात जात; पीक, गुरे, पोरेबाळे ह्यांची विचारपूस करीत.

हळूहळू गुत्ते बंद पडले. पण हे सुखाने झाले असे कोणी समजू नये. त्यांच्या दाराशी घाण टाकिली गेली, त्यांच्या शीलावर हीन आरोप झाले. नाचासंबंधाने ते फार कडक होते. नाचणाऱ्या मुलींस वर्षानुवर्षे पापक्षमा देत नसत. आमच्या मते येथे त्यांचा तोल गेला. तारुण्यातील त्यांचे उपदेश धाकाने भरलेले आहेत. म्हातारपणी ते बहुतेक देवाच्या प्रीतीविषयीच बोलत.

१८२४ साली त्यांनी गरीब मुलींकरिता एक फुकट शाळा काढिली. तिचे नाव फ्रेंच भाषेत देवाची तजवीज अशा अर्थाचे होते. गावच्याच दोन मुली, कातरीन लासान्य व बेनोआत लार्दे, ह्यांस शिकवून त्यांच्या हाती ती दिली. पुढे तेथे अनाथ मुली राहू लागल्या. रोज सकाळी अकरा वाजता पाळक त्यांस धर्मशिक्षण देत. ते ऐकण्यास परगावचे लोक इतके येऊ लागले की हा वर्ग देवळात न्यावा लागला. १८४७ साली वरिष्ठांनी ही संस्था मठातील भगिनींच्या स्वाधीन करविली. त्यांस त्याचे दुःख झाले, पण त्यांनी विरोध केला नाही.

तोपर्यंत साऱ्या फ्रान्सातून माणसे आर्सकडे लोटू लागली होती. १८५५ च्या सुमारास वर्षाकाठी सुमारे वीस हजार येत. लियोंच्या स्टेशनावर आर्सकरिता आठ दिवसांची खास तिकिटे मिळत. ज्यास परीक्षेत मागे सारिले तो आता दिवसाचे अकरा-बारा तास, आणि उन्हाळ्यात सोळा तासही, कोंदट पेटीवजा खोलीत बसून परक्यांची दुःखे ऐके. शेजारच्या काही पाळकांनी, असल्या अडाण्याने लोकांस मार्ग दाखवू नये म्हणून बिशपाकडे पाठविण्यास अर्ज फिरविला. तो चुकून व्हियाने ह्यांच्याच हाती आला. त्यांनी त्यावर स्वतःची सही करून पुढे धाडिला.

एवढे असून हा मनुष्य आर्स सोडून पळावयास पाहत होता, हे आमच्या एकट्या पडलेल्या बंधूंनी अवश्य ऐकावे. आपण ह्या कामास अपात्र आहो, एकांतात जाऊन आपल्या पापांबद्दल रडावे, हा विचार त्यांस आयुष्यभर सोडीना. १८४३ साली ते रात्री निघून दार्दिलीस भावाकडे गेले. यात्रेकरू मागोमाग तेथेही पोहोचले. १८५३ साली पुन्हा अंधारात निघाले. ह्या वेळी गावकऱ्यांनी धोक्याची घंटा वाजविली व रस्ता अडविला. ते परत फिरले आणि देवळात जाऊन लोकांची कबुली ऐकत बसले.

मानमरातब आले तेव्हा त्यांची धांदल उडाली. १८५२ साली बिशपाने सन्मानाचा अंगरखा घातला. तो त्यांनी पन्नास फ्रँकांस विकून पैसा धर्मकार्यास लाविला. १८५५ साली सरकारचे पदक मिळाले, ते अंगावर कधी लाविले नाही.

१८५९ च्या जुलै महिन्यात उष्मा भारी होता. शेवटच्या दिवसांतही ते कबुली ऐकण्यास बसले, आणि मग अंथरुणास खिळले. ता. ४ ऑगस्ट रोजी पहाटेपूर्वी, वयाच्या ७३ व्या वर्षी, ते देवाघरी गेले. एका खेड्यात ४१ वर्षे झाली होती. त्यांच्या मंडळीने १९२५ साली त्यांस संत ठरविले व १९२९ साली सर्व पाळकांचे आश्रयदाते म्हणून नेमिले.

आर्स येथे त्यांचा देह काचेच्या पेटीत ठेविला आहे, व तो पाहण्यास लोकांची गर्दी असते. आम्हांस त्याची ओढ नाही. परंतु त्यांचे राहते घर तेथे जसेच्या तसे जतन केले आहे, असे आम्ही वाचले आहे. त्यातले ते बटाट्यांचे स्वयंपाकघर मात्र एकदा पाहावे असे वाटते.