ताटातले पोषण मोजणाऱ्या कमला सोहोनी

रक्तातील साखर आणि मूत्रपिंडे यांच्यासाठी ब्लूबेरी गुणकारी असल्याचे हल्ली वारंवार सांगितले जाते. त्यात काही तथ्य आहे. इन्सुलिनला नीट दाद न देणाऱ्या ३२ स्थूल व्यक्तींवर अमेरिकेत एक चाचणी झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सहा आठवडे ब्लूबेरीची भुकटी घेतलेल्यांमध्ये इन्सुलिनचा परिणाम सुधारला होता. मूत्रपिंडांबाबतचे पुरावे मात्र प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांचे आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तामलवाडीसारख्या गावात हे महागडे फळ रोज कोण खाणार? तिथे पावसाच्या तोंडावर जांभळे मिळतात आणि ब्लूबेरीला निळा रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये जांभळातही असतात. आपल्या मातीतल्या अन्नाचे गुणही असेच प्रयोगशाळेत मोजले पाहिजेत, हे काम डॉ. कमला सोहोनी यांनी आयुष्यभर केले.

कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. तरीही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्यांचा अर्ज नाकारला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांच्यापुढे कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे आणि प्रयोगशाळेच्या वातावरणाला बाधा येऊ द्यायची नाही. हा अपमान त्या विसरल्या नाहीत, पण कामही सोडले नाही. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर त्या संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली.

पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर काम केले. पेशीतील ऊर्जानिर्मितीत भाग घेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. चयापचयाच्या मुळाशी असलेली ही प्रक्रिया माणसात आणि बटाट्यात सारखीच चालते, असा त्याचा अर्थ. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात.

परदेशात थांबण्याऐवजी त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून गरिबाच्या ताटातले पदार्थ तपासायला घेतले. वाल-पावट्यासारख्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी द्रव्ये असतात, त्यावर त्यांनी महत्त्वाचे संशोधन केले. अशा द्रव्यांचा जोर उष्णतेने बराच कमी होतो. कडधान्य भिजवून नीट शिजवण्याची आपल्याकडील पद्धत म्हणूनच शास्त्राला धरून आहे.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित किशोरवयीन मुले आणि आदिवासी गर्भवती यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी मार्गदर्शन केले. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्याकडे उशिराच आले. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत उतरून त्यांनी अन्नातील भेसळीविरुद्ध लेखन केले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

कमलाबाईंच्या कामातून घेण्यासारखा धडा असा की, कोणताही पदार्थ सर्वांसाठी अमृत नसतो. तो कोणाला, किती आणि कशासाठी द्यायचा, हे तपासावे लागते. कुपोषितांना उपयोगी पडलेल्या नीरेत साखर भरपूर असते, त्यामुळे मधुमेहींनी ती जपूनच घ्यावी. डाळी पौष्टिक खऱ्या, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. जांभूळ किंवा ब्लूबेरी फळ म्हणून जरूर खावे, मात्र त्यांच्या भरवशावर सुरू असलेले औषध बंद करू नये.