सोसलं, पण साठवलं नाही

रमाबाई रानडे म्हटलं की आपल्यापैकी कितीतरी जणींना २०१२ साली झी मराठीवर आलेली ‘उंच माझा झोका’ ही मालिका आठवते. पाटी-पेन्सिल हातात घेतलेली छोटी रमा, घरातल्या बायकांची बोलणी, आणि शांतपणे शिकवत राहणारे माधवराव. हे सगळं आपण संध्याकाळची कामं आवरता आवरता पाहिलं, प्रसंगी डोळ्यांना पदरही लावला. पण मला स्वतःला जास्त ओढ वाटते ती नंतरच्या रमाबाईंची. नवरा गेलेला, वय चाळिशीला टेकलेलं, आणि समोर रिकामं घर. तिथून पुढे त्यांनी जे केलं त्याची मुळं मात्र त्या लहानपणात आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागते.

माहेरच्या त्या यमुना कुर्लेकर. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे त्यांचं गाव. (यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावातला.) मुलीला अक्षरओळख करून देणं त्या काळात कुणाच्या मनातही येत नसे. १८७३ साली, वयाच्या ११व्या वर्षी, त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी झालं. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे. पहिली पत्नी नुकतीच वारलेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा माणूस आता स्वतः विधवेशी लग्न करील असं मित्रांना वाटलं होतं, पण वडिलांच्या आग्रहापुढे ते झुकले. हे मला आजही खटकतं, आणि खटकायलाच हवं. मोठ्या माणसाचं सगळंच मोठं मानायची आपल्याला सवय असते.

सासरी निघताना वडिलांनी लेकीला बजावलं होतं की कितीही सोसावं लागलं तरी उलट उत्तर द्यायचं नाही, आणि घरातल्या कुणाची चुगली नवऱ्याजवळ करायची नाही. त्या पोरीने हे अक्षरशः पाळलं. रात्री नवरा शिकवायचा आणि दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्या शिकण्याचा वचपा काढायच्या. त्यांच्यात सगळ्यांत पुढे होती नणंद दुर्गा. तरुणपणीच वैधव्य आलेली, हुशार, कर्ती, घर हातात ठेवणारी. भावजय पुस्तक घेऊन बसली की टोमणे ठरलेले. पुढे इंग्रजी शिकवायला मडम येऊ लागली, तेव्हा तिला शिवलं म्हणून रोज अंघोळीचा हुकूम. भलत्या वेळच्या त्या अंघोळींनी रमाबाई आजारी पडल्या, मग कुठे नुसतं लुगडं बदलण्यावर तडजोड झाली. मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून पुण्यात गव्हर्नरसाहेबांसमोर त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. बाहेर कौतुक झालं, घरी आल्यावर मात्र बोलणी खावी लागली. १८८४ साली हुजूरपागेची शाळा सुरू झाली. आज तिथे शिकणाऱ्या मुलींना तो दिवस एका सुनेला घरात किती महाग पडला होता हे कुठून माहीत असणार?

रानड्यांनी तिला काय काय शिकवलं याची यादी मोठी आहे, पण मला एक प्रसंग फार आवडतो. सरकारी कमिटीच्या कामासाठी हे दोघं कलकत्त्याला राहिले होते. रानड्यांनी बंगाली पुस्तकं आणली आणि दाढी करून घेता घेता ते न्हाव्यालाच वाचून दाखवू लागले. अडलं की तोच सांगायचा. एवढा मोठा न्यायाधीश आणि गुरू कोण, तर न्हावी! रमाबाईंना हसू आवरेना. रानड्यांनी न रागावता त्यांना दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. मग रमाबाईसुद्धा बंगाली शिकल्या. ज्याच्याकडे आपण सहज हसून पाहतो, त्याच्याकडेही आपल्याला न येणारं काहीतरी असतं, हे तिथे त्यांच्या मनात रुजलं असावं असं मला वाटतं. कारण पुढे हसण्याचाच एक प्रसंग त्यांच्या आयुष्यात आला, तो सांगतेच.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या जुन्या घरी आल्या. जवळजवळ वर्षभर त्या कुणात मिसळल्या नाहीत. वयाच्या ११व्या वर्षापासून ज्या माणसाच्या डोळ्यांनी जग पाहिलं, तोच नाही. आता बघायचं कुणाच्या डोळ्यांनी? दुसरी कुणी असती तर माळ घेऊन देवघरात बसली असती, आणि त्या काळात तिला कुणी नावंही ठेवली नसती.

रमाबाई बाहेर पडल्या, आणि गेल्या कुठे, तर येरवड्याच्या तुरुंगात. तिथल्या बायकांच्या विभागात त्या नेमाने जाऊ लागल्या. कैदी बायकांशी बोलायच्या, त्यांना चार चांगल्या गोष्टी वाचून दाखवायच्या, आपणही माणूस आहोत हे त्यांना पुन्हा वाटावं म्हणून धडपडायच्या. सुधारगृहातल्या मुलांना सणावाराला खाऊ, इस्पितळातल्या रुग्णांना फळं, फुलं, पुस्तकं. विचार करा, सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेली बाई. मडमेला शिवलं तर जिला अंघोळ करावी लागत होती, ती आता कोण कुठली, कुठल्या जातीची, काय गुन्हा करून आलेली, हे न विचारता कैदी बाईशेजारी बसत होती.

मग १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेही रानड्यांच्याच वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर सोबतीला होते. लिहिण्या-वाचण्याचे वर्ग, शिवण, आणि सगळ्यांत धाडसाचं म्हणजे नर्सिंगचं शिक्षण. ससून इस्पितळात शिकायला आपल्या घरातली मुलगी पाठवायची? परक्या पुरुषाची शुश्रूषा? जखमा धुवायच्या, नाही नाही ते काढायचं? लोकांनी नाकं मुरडली. ज्या मुली-बायका आल्या, त्यांत विधवा पुष्कळ होत्या. घरात कोपऱ्यात बसवलेल्या, शुभकार्यात नकोशा, पण राबायला मात्र हव्या असलेल्या. इस्पितळात त्याच हातांची गरज होती.

इथे मला दुर्गा नणंद आठवल्याशिवाय राहत नाही. जिने रमाबाईंना इतका त्रास दिला ती विधवाच होती. आणि रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं वेचली ती विधवांसाठी. छळ सोसलेली बाई आपोआप मायाळू होते, असं काही नसतं. महिला मंडळाच्या कामात मी उलटंच जास्त पाहते. आम्ही नाही का सोसलं, मग तुला काय झालं, हे वाक्य घराघरांत आहे. सोसलेलं व्याजासकट पुढच्या बाईकडून वसूल केलं जातं. रमाबाईंनी ते वसूल केलं नाही. १९१० साली त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आलं. त्यात घरातला त्रास लपवलेला नाही, पण मनात धरून ठेवलेला डंखही नाही. वाचताना सारखं वाटतं, ही बाई त्या बायकांचं दुःखसुद्धा पाहू शकत होती. टोमणा मारणाऱ्या तोंडामागे रिकामं कपाळ आहे, कधीच न मिळालेलं पुस्तक आहे, हे कळायला नुसती सहनशीलता पुरत नाही.

आता तो प्रसंग. सेवासदनाचं वार्षिक संमेलन होतं. बक्षीस घ्यायला एक विधवा व्यासपीठावर आली. केशवपन केलेलं, जुन्या पद्धतीचं लुगडं. तिला बघून विद्यार्थिनींमध्ये खसखस पिकली, थट्टा सुरू झाली. रमाबाईंच्या ते जिव्हारी लागलं. एरवी सौम्य असणाऱ्या या बाईंनी समारोपाच्या भाषणात मुलींना चांगलं फैलावर घेतलं. जिच्या घरी, नात्यात, अशी एखादी दुर्दैवी बहीण नाही अशी तुमच्यात कोण आहे, असं त्यांनी विचारलं. सभागृह गप्प झालं.

त्यांचं बघणं पुढे पुढे रुंदच होत गेलं. १९१३ साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा मदतकार्यासाठी त्या तिकडे गेल्या. १९२०च्या सुमाराला पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी फक्त मुलग्यांपुरतं ठेवायचा घाट घातला गेला, तेव्हा मुलींनाही ते हवं म्हणून भांडणाऱ्या बायकांच्या त्या पुढारी होत्या. बायकांच्या मताच्या हक्कासाठीही मुंबई इलाख्यात त्यांनी चळवळ उभी केली. शांत बाई भांडायला उठली की ती किती पक्की असते, ते पुण्याच्या पुढाऱ्यांना तेव्हा समजलं.

१९२४ साली रमाबाई गेल्या. त्याआधीच्या वर्षांतही, शरीर थकलेलं असताना, आषाढी-कार्तिकीच्या यात्रेला त्या सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन आळंदीला जात. गर्दीत चालून आलेले वारकरी, त्यांचे ताप, त्यांची दुखणी. देवळाच्या वाटेवर बसून या बायका त्यांना औषधपाणी करत असत.