बाबासाहेबांच्या भाड्याच्या खोल्या

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता लंडन-अमेरिकेला जातात. प्रवेश मिळतो, व्हिसा मिळतो, वस्तीत सत्कार होतो आणि मग रात्री उशिरा खरा प्रश्न डोक्यात येतो. तिकडे उतरल्यावर राहायचे कुठे? खायचे काय? शेजारी कोण असेल? बाबासाहेबांनाही हा प्रश्न पडला होता, एकदा नव्हे, अनेकदा. त्यांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते, खोल्यांची नसते.

जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांचे वय होते 22. वडील रामजीबाबा फेब्रुवारीतच गेले होते. घरी रमाई आणि सात महिन्यांचा यशवंत. हातात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते राहायला गेले, पण तिथले जेवण मानवेना. आठवडाभरात त्यांनी जागा सोडली आणि काही भारतीय विद्यार्थी राहत होते त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात मुक्काम हलवला. शेवटी ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. तिथे नवल भथेना या पारशी तरुणाची सोबत मिळाली. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली.

पहिले काही महिने त्यांनी मजेतही घालवले. नवे शहर, नवे मित्र, खेळ, नाटके. हे सांगायला आपले वक्ते थोडे कचरतात. कशाला कचरायचे? ज्याला शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसवले, तो मुलगा पहिल्यांदाच सगळ्यांच्या टेबलावर बसून जेवत होता, त्याच स्नानगृहात आंघोळ करत होता, त्याच वाचनालयात पुस्तक हाताळत होता. नंतर शिष्यवृत्तीचे दिवस मोजकेच आहेत हे मनाने घेतले आणि अभ्यास असा सुरू झाला की 1915 मध्ये एम.ए. झाले आणि मे 1916 मध्ये भारतातील जातींवरचा निबंध डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचून झाला. त्याच वर्षी ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्ती संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले.

करारानुसार बडोदा संस्थानची नोकरी करायची होती. परदेशातल्या काही वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसून गेली होती, असे त्यांनी पुढे स्वतःच नोंदवले आहे. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच ती परत आली, कारण प्रश्न तोच होता. राहायचे कुठे?

हिंदू खाणावळ घेणार नव्हती. एका पारशी पथिकाश्रमाच्या रखवालदाराने रोज दीड रुपयाच्या बोलीवर, वहीत पारशी नाव लिहून त्यांना ठेवून घेतले. वरच्या मजल्यावर छोटी खोली, बाकी भल्यामोठ्या अंधाऱ्या दालनात मोडके सामान आणि वटवाघळे. दिव्याची सोय नाही, फक्त रखवालदाराचा कंदील. कोलंबियाहून आलेला हा पदवीधर रात्री त्या उजेडात वाचत बसे, बहिणीच्या मुलाने आणून दिलेल्या पुस्तकांत मन गुंतवी. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर आले. आठ दिवसांची मुदत मागितली, मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत निघा, एवढेच उत्तर. दोन मित्रांकडे जागा मागितली, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवर बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले. त्या दिवसाची आठवण म्हणून 23 सप्टेंबरला आपण संकल्प दिन पाळतो.

याच गोष्टीतला दुसरा पारशी मात्र आपण विसरतो. 1920 मध्ये राहिलेला अभ्यास पुरा करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतली बचत आणि शाहू महाराजांची मदत पुरेना. पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते नवल भथेना यांनी. लिव्हिंग्स्टन हॉलमधली ती ओळख अशी कामी आली.

लंडनमध्ये या वेळी त्यांनी एका बाईच्या घरी खोली घेतली. बाई कडक, हात आखडता. सकाळी माशाचा तुकडा, पावाचा काप, थोडा जॅम आणि चहा. तेवढ्यावर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडताना आत जायचे ते बंद होईपर्यंत, दुपारचे जेवण नाहीच. रात्री घरी बोव्हरिल नावाचे मांसाचे कढण आणि बिस्किटे. दहाच्या सुमारास पोटात आग पडे. ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड होते. त्यातले चार पत्र्याच्या तुकड्यावर भाजायचे, वर कपभर दूध, की पुन्हा वाचन. सोबत राहणारे असनोडकर मध्यरात्री जागे होऊन झोपायची विनवणी करत. पैसा नाही आणि वेळही नाही, अभ्यास लवकर उरकणे भाग आहे, असे त्यांना उत्तर मिळे.

पापडाची गोष्ट सांगून टाळ्या मिळवणे सोपे आहे. पण त्याच काळात मुंबईत रमाई काय शिजवत होत्या, तेही त्याच हिशेबात धरायला हवे.

1921-22 मध्ये त्यांचा मुक्काम उत्तर लंडनमधल्या 10, किंग हेन्रीज रोड या घरात होता. 1921 मध्ये एम.एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टरी, परतल्यावर 1923 मध्ये डी.एस्सी. ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतले. स्मारकाला शेजारच्या काहींनी गर्दी-गोंगाटाची तक्रार करून विरोध केला. प्रकरण चौकशीपर्यंत गेले आणि 2020 मध्ये परवानगी मिळाली. लंडनला शिकायला जाणारी आपली मुले आता पहिल्या सुट्टीत तिथे जातात आणि बाहेरच्या निळ्या फलकापाशी उभी राहून घरी फोटो पाठवतात.