ग्रामोद्योगाचे कुमारप्पा आणि आपले स्वयंपाकघर



थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांची भाषणे, त्यांचा तुरुंगवास, त्यांचा त्याग हेच आपल्या मनात राहते. पण आपल्या उखळाचा, जात्याचा आणि परातीतल्या पिठाचा विचार ज्यांनी वर्षानुवर्षे केला, असे पुरुष विरळाच. जे. सी. कुमारप्पा हे त्यांपैकी एक होत. हल्ली घरोघरी पाकिटातले खाणे वाढले आहे. म्हणून या वर्षी त्यांची ओळख करून द्यावी असे वाटले.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे पहिले नाव जोसेफ कॉर्नेलियस. पुढे त्यांनी घराण्यातले जुने कुमारप्पा हे नाव घेतले. लंडनला हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेऊन ते मुंबईत तो व्यवसाय करू लागले. राहणी साहेबी, मिळकत चांगली. १९२७ साली ते अमेरिकेला गेले आणि तेथे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. सरकारच्या कर व खर्चाच्या धोरणामुळे हिंदुस्थान गरीब कसा झाला, हे शोधता शोधता या साहेबी माणसाचे मन पालटले.

मे १९२९ मध्ये ते साबरमतीला महात्माजींना भेटायला गेले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक वृद्ध गृहस्थ सूत कातीत बसले होते. तेच गांधीजी, हे त्यांना आधी कळलेच नाही. कळल्यावर मात्र उंची कपड्यांची पर्वा न करता ते तेथेच जमिनीवर बसले. गांधीजींनी त्यांना गुजरातेतील मातर तालुक्याची पाहणी करायला सांगितले. शेतकऱ्याच्या घरात काय येते आणि काय जाते, हे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव हिंडून टिपले. पुढे स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगवासही घडला. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांनी इतक्या काटेकोरपणे ठेवला की पुढाऱ्यांनाही त्यात सूट नव्हती.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत संघाचे काम सुरू झाले. येथून पुढे या हिशेबनिसाचे लक्ष आपल्या स्वयंपाकघराकडे वळले.

त्यांचा हिशेब साधा होता. साळीचे तूस काढले की तांदूळ खाण्याजोगा होतो. गिरणी मात्र तेवढ्यावर थांबत नाही. ती वरचा कोंडा आणि अंकूरही घासून टाकते. तांदूळ शुभ्र दिसतो, पुष्कळ दिवस टिकतो, पण त्यातले सत्त्व जाते. नुसत्या पांढऱ्या तांदळावर राहणाऱ्यांना बेरीबेरी नावाचा रोग होतो, हे त्या काळी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलेले होते. गव्हाचा मैदा, साखर यांचेही तसेच. बरे, नुकसान एवढेच नाही. गावात भात कांडणाऱ्या बाईची मजुरी गेली, तेल्याचा घाणा बंद पडला, आणि गावचा पैसा गावाबाहेर गेला. एकाच घासात शरीराचे व शेजाऱ्याचे असे दोन्हीकडून नुकसान होते, हे कुमारप्पांनी लोकांना पटवून दिले.

यावर आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतील की पुरुषांना बोलायला काय जाते, पहाटे उठून कांडण करावे लागे ते बायकांना! ही शंका रास्त आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातांना पडलेले घट्टे कोण विसरेल? पण कुमारप्पांच्या कामाचा विशेष असा की त्यांनी नुसता उपदेश केला नाही. कोकणात ज्याला घिरट म्हणतात, तशी भात भरडण्याची लाकडी, दगडी व मातीची जाती संघाने सुधारून वापरात आणली. त्यांत तूस निघते व कोंडा दाण्यावर राहतो. सुधारलेले तेलघाणे, ताडगूळ, मधमाश्या पाळणे, धूर कमी करणारी मगन चूल, असे अनेक प्रयोग मगनवाडीत झाले. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालय उघडले.

१९४२ च्या चळवळीनंतर कुमारप्पा पुन्हा तुरुंगात गेले. तेथे त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. सृष्टीकडून घ्यावे तेवढे तिला परत करावे, असा त्याचा आशय आहे. ते अविवाहित राहिले. स्वराज्यानंतर सरकारची धोरणे न पटल्यास ते स्पष्ट बोलत. शेवटची वर्षे त्यांनी मदुरेजवळच्या कल्लुपट्टी या गावी काढली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले.

आता आपण काय करावे? उखळ घेऊन बसा, असे माझे म्हणणे नाही. पण हातसडीचा किंवा उकडा तांदूळ निदान दोन दिवसांआड शिजवता येईल. हातसडीचा तांदूळ थोडाथोडाच आणावा, कारण त्याला लवकर खवट वास येतो. तो आधी भिजत घालावा, पाणी थोडे जास्त ठेवावे. पीठ चाळून कोंडा टाकू नये. मधल्या वेळी मुलांच्या हाती मैद्याच्या बिस्किटांचा पुडा देण्याऐवजी भाजलेले चणे, ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे, नाचणीची भाकरी किंवा मेतकूट-भात द्यावा. वनस्पती तुपाऐवजी घाण्याचे तेल बेताने वापरावे. गूळ झाला तरी गोडच, मधुमेह असणाऱ्यांनी त्याला औषध समजू नये.

आपल्या गल्लीत कोणी भगिनी भाजणी, सातूचे पीठ, कुरडया घरी करून विकत असेल, तर दुकानातल्या पाकिटाआधी तिच्याकडे जावे. तिचे चार पैसे तिच्या मुलांच्या शाळेला लागतील आणि आपल्या घरच्यांच्या पोटात चांगले अन्न जाईल. कुमारप्पांना हाच हिशेब अभिप्रेत होता. या थोर हिशेबनिसाला आपल्या मंडळातर्फे माझे विनम्र अभिवादन.