फ्लोरेन्स नाइटिंगेल

फ्लोरेन्स नाइटिंगेल (१२ मे १८२० – १३ ऑगस्ट १९१०) या ब्रिटिश परिचारिका, संख्याशास्त्रज्ञ आणि आधुनिक परिचर्याशिक्षणाच्या प्रवर्तक होत्या. क्रिमियन युद्धातील सेवेमुळे त्यांना कीर्ती लाभली. तथापि रुग्णालयातच जडणाऱ्या रोगांना आळा घालणे हे परिचारिकेचे काम आहे आणि ते पद्धतशीरपणे शिकवता येते, हा विचार रुजवणे हे त्यांचे अधिक टिकाऊ कार्य मानले जाते.

जन्म व शिक्षण

नाइटिंगेल यांचा जन्म इटलीतील फ्लॉरेन्स येथे एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. जन्मगावावरूनच त्यांचे नाव ठेवण्यात आले. वडिलांनी त्यांना घरीच भाषा, इतिहास व तत्त्वज्ञान शिकवले. गणिताची त्यांना विशेष आवड होती. त्या काळी इंग्लंडमध्ये रुग्णसेवा हा प्रतिष्ठित व्यवसाय समजला जात नसे. त्यामुळे त्यांच्या निश्चयाला घरातून दीर्घकाळ विरोध झाला. १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ येथील संस्थेत त्यांनी काही महिने प्रशिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनमधील हार्ले स्ट्रीटवरच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

स्कुटारी येथील अनुभव

ऑक्टोबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह नाइटिंगेल इस्तंबूलजवळील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयाकडे निघाल्या. तेथे खाटा, कपडे, साबण व स्वच्छ पाणी यांचा तुटवडा होता. त्यांनी स्वयंपाकघर, धुलाई व रुग्णांची निगा यांची घडी बसवली. तरीही पहिल्या हिवाळ्यात मृत्यू थांबले नाहीत. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले होते. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती, पाणी दूषित होते आणि कक्षांत हवा खेळत नव्हती. मार्च १८५५ मध्ये ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या आरोग्य आयोगाने गटारे उपसली, पाणीपुरवठा सुधारला व वायुवीजनाची सोय केली. त्यानंतर काही महिन्यांत हे प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले.

१८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने युद्धातील मृत्यूंच्या आकडेवारीचा अभ्यास केला. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच कितीतरी अधिक सैनिक दगावल्याचे त्यातून स्पष्ट झाले. १८५८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष वर्तुळाकार रंगीत आलेखांतून मांडले. परिचारिकेची माया व कष्ट आवश्यक असले तरी अस्वच्छ वास्तूपुढे ते अपुरे पडतात, हा या अभ्यासाचा धडा होता.

परिचारिकांची प्रशिक्षणशाळा

युद्धकाळात जनतेने त्यांच्या सन्मानार्थ उभारलेल्या सुमारे ४५,००० पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल प्रशिक्षणशाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या आणि अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. मुख्य परिचारिका सारा वॉर्डरोपर यांच्या देखरेखीखाली विद्यार्थिनी प्रत्यक्ष कक्षात काम करीत. जखमांची मलमपट्टी, रुग्णाचे अंग पुसणे, खाट व अंथरुणाची स्वच्छता, कक्षातील हवा खेळती ठेवणे आणि रुग्णाचे बारकाईने निरीक्षण करणे, ही कामे त्यांना शिकवली जात. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात नाइटिंगेल यांनी परिचारिकेने दिवसातून अनेकदा हात धुवावेत, असे सांगितले होते.

या शाळेत शिकलेल्या ॲग्नेस जोन्स यांनी १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या वर्कहाऊसमधील (गरीबगृहातील) रुग्णालयात प्रशिक्षित परिचारिकांसह काम सुरू केले. १८६८ मध्ये टायफस ज्वराने त्यांचा मृत्यू झाला. हा ज्वर उवांमार्फत पसरतो, हे १९०९ पर्यंत वैद्यकाला ठाऊक नव्हते.

प्रसूतिकक्ष बंद करण्याचा निर्णय

खेडोपाडी काम करणाऱ्या सुइणी तयार व्हाव्यात, यासाठी नाइटिंगेल निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात एक प्रसूतिकक्ष चालवला जात होता. तेथे सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागल्या. तेव्हा १८६७ मध्ये हा कक्ष व त्यासोबतचे प्रशिक्षण बंद करण्यात आले. सुइणींची गरज मोठी होती आणि योजना नाइटिंगेल यांच्या स्वतःच्या आस्थेची होती. तरीही शिकवण्याच्या सोयीसाठी मातांचे प्राण धोक्यात घालणे त्यांना मान्य नव्हते. पुढे त्यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या मातामृत्यूंची आकडेवारी गोळा करून १८७१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. घरी होणाऱ्या बाळंतपणापेक्षा प्रसूतिगृहांत मृत्यूंचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसून आले. म्हणून प्रसूतिगृहे सामान्य रुग्णालयापासून वेगळी व मोजक्या खाटांची असावीत, अशी शिफारस त्यांनी केली.

संसर्गाविषयीची मते

दूषित हवा व घाण यांतून रोग उद्भवतात, या तत्कालीन समजुतीवर नाइटिंगेल यांचा प्रदीर्घ काळ विश्वास होता. संसर्गाच्या कल्पनेकडे त्या सुरुवातीला संशयाने पाहत. लुई पाश्चर, जोसेफ लिस्टर व रॉबर्ट कॉख यांच्या संशोधनानंतर वैद्यकाचा दृष्टिकोन बदलला. १८८० च्या दशकातील लेखनात नाइटिंगेल यांनीही परिचारिकांच्या शिक्षणात जंतुनाशकांच्या वापराला स्थान दिले. कारणाविषयीची त्यांची जुनी धारणा मागे पडली. परंतु हात, कपडे, पाणी व वास्तू स्वच्छ ठेवण्याचा त्यांचा आग्रह नव्या ज्ञानाशी सुसंगतच ठरला.

भारताशी संबंध

भारतातील सैन्याच्या आरोग्याविषयी १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या स्वतः भारतात कधी आल्या नाहीत. मात्र येथील पाणीपुरवठा, दुष्काळ व ग्रामस्वच्छता यांवर त्यांनी अनेक वर्षे लेखन केले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

अखेरची वर्षे

युद्धकाळात जडलेल्या आजारामुळे नाइटिंगेल यांचे बरेच आयुष्य घरातच गेले. १८७२ पासून त्या प्रशिक्षणशाळेतील परिचारिकांना वेळोवेळी उपदेशपर पत्रे लिहीत. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.