भोवऱ्याला समुद्रावर नेणारा माणूस

जायरोस्कोप एल्मर स्पेरी यांनी शोधला, असे समजणारे पुष्कळ भेटतात. ते खरे नव्हे. आपल्या भोवऱ्याचा हा भाऊबंद फ्रान्समध्ये फूको यांनी १८५२ सालीच दाखवला होता. स्पेरी जन्मले १८६० साली, अमेरिकेतल्या कॉर्टलंड परगण्यात. जन्मताच आई गेली. आजी-आजोबांनी आणि आत्याने वाढवले. विजेचे दिवे, खाणीतली यंत्रे, ट्रामगाड्या असे सगळे करत पन्नाशी गाठल्यावर, १९१० साली, ब्रुकलिनमध्ये त्यांनी जायरोस्कोपची कंपनी काढली.

जहाजाच्या पोटात प्रचंड भोवरा बसवून त्याचे डोलणे आवरायचे, ही कल्पनाही जर्मनीच्या ऑटो श्लिक यांची. पण तो भोवरा लाट ढकलील तसा कले. जहाज चांगले डोलू लागले की मगच त्याचा जोर लागे. स्पेरींनी शेजारी एक चिमुकला भोवरा पहारेकरी म्हणून ठेवला. डोलण्याची नुसती सुरुवात झाली की तो विजेची कळ दाबी, मोटार मोठ्या भोवऱ्याला कलवी आणि लाटेचा जोर वाढायच्या आत मोडून निघे. १९१२ मध्ये 'वर्डन' या विनाशिकेवर त्याची चाचणी झाली. माझ्या मते स्पेरींचे खरे मोठेपण या पहारेकऱ्यात आहे.

सुकाणूचेही तसेच. नवखा माणूस जहाज दिशेवर येईपर्यंत चाक फिरवत राहतो. जहाज पुढे निसटते आणि नागमोडी वाट सुरू होते. मुरलेला माणूस आधीच चाक सैल सोडतो. ही त्याची सवय स्पेरींनी यंत्रात उतरवली. खलाशी त्या यंत्राला 'मेटल माइक' म्हणत. त्याच सुमारास, १९२२ साली, मिनॉर्स्की यांनी या सवयीचे गणित मांडले. आज कारखान्यांतून तेच गणित राबते. हातातली विद्या यंत्राकडे गेली याचे खलाशांना काय वाटले असेल, हा प्रश्न मात्र मला सुटत नाही.

मुलगा लॉरेन्स बापाच्या वरताण. जून १९१४ मध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर त्याने विमान उडवले. दोन्ही हात वर, आणि सोबतचा मेकॅनिक चक्क पंखावर चालत गेलेला! विमान भोवऱ्यांनी सावरले. डिसेंबर १९२३ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना हाच लॉरेन्स समुद्रात बुडाला. ज्या पाण्याला ताळ्यावर आणण्यात बापाची वर्षे गेली, त्यानेच पोरगा नेला. तरीही म्हातारा काम करत राहिला.

१९३० साली आधी पत्नी गेली, जूनमध्ये तेही गेले. दोनच वर्षांनी 'काँते दी साव्होया' ही इटालियन प्रवासी बोट निघाली. तिच्या पोटात शंभर टनांहून जड असे तीन भोवरे फिरत होते. पुढे हे धूड मागे पडले, बोटींना पाण्याखाली हलते पंख आले. पण पंख केव्हा हलवायचे, हे सांगायला छोटा भोवरा राहिलाच.